ढेकूण झालेत, घर भाड्याचं आहे आणि पेस्ट कंट्रोलवाला ‘गोळ्या ठेवतो’ म्हणतोय

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात सोसायटीतला दोन खोल्यांचा फ्लॅट, लीव्ह अँड लायसन्सवर घेतलेला. राहायला येऊन तीन आठवडे झालेत. पलंग आणि कपाट घरमालकाचं. ढेकूण निघाले. मालक म्हणतात, तुमच्या सामानातून आले, तुम्ही बघा. सेक्रेटरी म्हणतात, फ्लॅटच्या आतलं सोसायटी बघत नाही. ओळखीतून मिळालेला पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, ‘फ्युमिगेशनच करून टाकू. गोळ्या ठेवतो, एक रात्र घर बंद ठेवा, सकाळी झाडून काढा.’ घरात दोन वर्षांचं मूल आहे. नियम काय, आणि पैसे कोणी द्यायचे?

ताई, पैशांचं मागाहून बोलू. आधी त्या माणसाला फोन करा आणि येऊ नका म्हणून सांगा. तो ज्या गोळ्या म्हणतोय त्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असणार. धान्याच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीवर जाड ताडपत्री टाकून, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबून आत ठेवतात त्या. तीन ग्रॅमची एक राखाडी गोळी असते. हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो, आणि ठाण्याची हवा किती दमट असते हे मी सांगायला नको. या वायूवर उतारा नाही. दवाखान्यात गेलं तरी डॉक्टर शरीराला तगवून धरण्याचे उपाय करतात, विष मारणारं इंजेक्शन कुणाकडेच नसतं. वास लसणासारखा किंवा कार्बाइडसारखा येतो म्हणतात, पण वास नाही म्हणजे वायू नाही, असं धरून चालत नाही.

शिवाय हा वायू भिंत मानत नाही. वायरिंगच्या पाइपातून, बाथरूमच्या डक्टमधून, दाराखालच्या फटीतून तो शेजाऱ्याकडे जातो. तुम्ही कुलूप लावून बहिणीकडे झोपायला जाल, पण पलीकडच्या फ्लॅटमधले आजोबा तिथेच झोपलेले असतील.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइड हे आपल्या देशात मर्यादित वापराचं कीटकनाशक आहे. ते सरकारी यंत्रणांना आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच विकता येतं, आणि वापरायचं ते सरकारी तज्ज्ञाच्या किंवा केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागारांनी मान्यता दिलेल्या तज्ज्ञाच्या कडक देखरेखीखाली. पूर्वी दहा-वीस गोळ्यांच्या नळ्या मिळायच्या, त्या २००१ साली बंद झाल्या, कारण घरोघरी पोचलेल्या त्या नळ्यांनी किती जीव घेतले याचा हिशेब नाही. तरीही धान्याच्या बाजारातून कागदात गुंडाळलेल्या चार-पाच गोळ्या आजही हातोहात मिळतात. ओळखीतला तो माणूस त्याच आणणार.

‘फ्युमिगेशन’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालाय. महापालिकेची माणसं गल्लीतून धुराचं मशीन फिरवतात, त्याला लोक फ्युमिगेशन म्हणतात. ते फॉगिंग, उडते डास मारण्यापुरतं. पाठीवर पंप घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात मारतात ती फवारणी. खरं फ्युमिगेशन म्हणजे हवाबंद जागेत ठरलेल्या मात्रेचा वायू सोडायचा, ठरलेला वेळ कोंडून ठेवायचा, मग मोकळा करून मीटरने मोजायचा आणि आकडा सुरक्षित आला की दार उघडायचं. मी स्वतः पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात आहे, आणि सुरुवातीची चार वर्षं न्हावाशेवा बंदरात कंटेनरच्या कामावर होतो. तिथे निर्यातीच्या मालाला आणि लाकडी पॅलेटना हे करावं लागतं. कंटेनरच्या दाराला कवटीचा फलक, हातात गॅस मीटर, तोंडाला कॅनिस्टरचा मास्क. माणसं राहतात त्या इमारतीतला एक फ्लॅट असा हवाबंद करताच येत नाही. त्यामुळे राहत्या फ्लॅटमध्ये ‘गोळ्यांचं फ्युमिगेशन’ करून देतो म्हणणाऱ्याशी दराची घासाघीसही करू नका.

हे तिखट बोलायचं कारण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रथूरला एका घरात उंदरांसाठी विष ठेवून पेस्ट कंट्रोलवाले गेले. रात्री ते कुटुंब त्याच घरात एसी लावून झोपलं. दोन लहान मुलं गेली. तिथलं विष वेगळं असेल, पण चूक हीच होती. बंद खोली, आत काय ठेवलंय याची घरच्यांना धड माहिती नाही, आणि सांगणाराही कोणी नाही.

आता परवान्याचं. पगार घेऊन किंवा बिल लावून दुसऱ्याच्या घरात कीटकनाशक मारायचं तर कीटकनाशके कायदा १९६८ आणि त्याखालचे १९७१ चे नियम लागू होतात. पेस्ट कंट्रोलचा धंदा करणाऱ्याला राज्याच्या कृषी विभागाचा परवाना लागतो. कृषी विभागाचा कशाला, असं पुष्कळांना वाटतं, कारण झुरळाचा आणि शेतीचा काय संबंध. पण कीटकनाशक शेतात मारा की स्वयंपाकघरात, कायदा एकच. परवान्यासाठी माणूस कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेतलेला विज्ञान पदवीधर असावा लागतो, आणि वर किमान पंधरा दिवसांचं प्रशिक्षण लागतं. म्हैसूरची सीएफटीआरआय म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापूडची धान्य साठवणूक संस्था, हैदराबादची वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था ही त्यासाठीची नियमातली ठिकाणं. मी म्हैसूरला गेलो होतो. तिथे पहिल्या दिवशी सरांनी एक वाक्य सांगितलं होतं, ‘तुम्ही विष विकत नाही, विषाचा हिशेब विकता.’ ते तेव्हा कळलं नव्हतं.

तर परवाना दाखवा म्हणा. बहुतेक जण गुमास्ता दाखवतील. गुमास्ता म्हणजे दुकान नोंदणी, वडापावच्या गाडीचाही धनी काढतो. काही जण जीएसटीचा नंबर दाखवतील, तो करासाठी. कोणी आयएसओचं रंगीत प्रमाणपत्र दाखवेल. यातलं काहीच चालत नाही. कृषी विभागाचा कीटकनाशकांचा परवाना हवा, त्यावर संस्थेचं नाव आणि पत्ता हवा, मुदत लिहिली असेल तर ती संपलेली नसावी. व्हॉट्सअॅपवर फोटो मागवलात तरी पुरे. खरा परवानाधारक पाच मिनिटांत पाठवतो, तो त्याच्या मोबाइलमध्ये असतोच, कारण कॉर्पोरेटवाले रोज मागतात. घरगुती गिऱ्हाईक मात्र कधी मागत नाही. तेवीस वर्षांत माझ्याकडे घरगुती गिऱ्हाइकांपैकी परवाना मागणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातल्या एक होत्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी परवाना चष्मा लावून वाचला आणि वर मला विचारलं, ‘यात तुमचं नाव आहे, पण आज आलेल्या मुलाचं काय?’ प्रश्न बरोबर होता. पंप मारणारा मुलगा पदवीधर असावा असा नियम नाही, पण त्याला शिकवून पाठवणं, त्याला हातमोजे, बूट, मास्क देणं ही परवानाधारकाची जबाबदारी आहे. उघड्या हाताने औषध ढवळणारा मुलगा दिसला की समजावं, मालक आपल्या माणसाचीही काळजी घेत नाही, तुमच्या बाळाची काय घेणार.

यापुढची गोष्ट बाटली. औषध तुमच्यासमोर, मूळ बाटलीतून, मोजपात्राने मोजून पंपात पडायला हवं. पाण्याच्या बाटलीत पांढरं दुधी काहीतरी आधीच कालवून आणलेलं असेल तर काम थांबवा. मूळ बाटलीवर चार गोष्टी बघायच्या. औषधाचं तांत्रिक नाव, नोंदणी क्रमांक, संपण्याची तारीख आणि रंगाचा त्रिकोण. खरं तर तो तिरका उभा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग भरलेला असतो, पण सगळे त्रिकोणच म्हणतात. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. घरात मारायच्या औषधावर मी तरी निळ्याच्या वर जात नाही.

पण रंगापेक्षाही मोठी चोरी वेगळीच आहे. लेबल नीट वाचा. त्यावर ‘कापूस, भात, वांगी’ असं लिहिलंय का? मग ती शेतीच्या दुकानातली बाटली आहे. मागे डोंबिवलीत एका घरी दुसऱ्याने केलेलं काम निस्तरायला गेलो होतो. बाल्कनीत रिकामी बाटली पडलेली. त्यावर बोंडअळीचं चित्र. त्या घरातल्या सुनेला आठ दिवस डोकं दुखत होतं आणि फर्निचरला रॉकेलसारखा वास येत होता. शेतीच्या औषधात द्रव मिसळण्यासाठी जे द्रावक घालतात त्याचा तो वास. उघड्या रानात तो उडून जातो, दहा बाय बाराच्या खोलीत गादीत मुरतो. कीटकनाशकाची नोंदणी वापरानुसार होते, त्यामुळे ज्या कामासाठी ते नोंदलेलं नाही त्या कामाला ते वापरणं हे लेबल मोडणं आहे. स्वस्त पडतं म्हणून वापरतात, दुसरं कारण नाही.

आणि डीडीव्हीपी. म्हणजे डायक्लोरव्हॉस. जुन्या लोकांना तो वास पाठ असेल. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी ढेकणांवर तेच मारलंय, मीसुद्धा. पंप मारला की ढेकूण बिळातून बाहेर येऊन पडायचे, गिऱ्हाईक खूश, आपणही खूश. आणि रात्री आमचीच नजर अंधुक व्हायची, तोंडाला लाळ सुटायची. हे विषबाधेचं लक्षण आहे हे प्रशिक्षणात शिकलेलं असूनही आम्ही ‘उन्हाने झालं’ म्हणायचो. केंद्राने ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने जी अठरा कीटकनाशकं बंद केली त्यात ते होतं आणि ३१ डिसेंबर २०२० पासून ते पूर्ण बंद आहे. डायझिनॉन आणि फेंथिऑनही त्याच आदेशात गेली. तरी कोणी ‘जुनं स्ट्राँग औषध आहे माझ्याकडे’ असं अभिमानाने सांगत असेल तर ते हेच समजा.

आता भांडणाचा मुद्दा. ढेकूण कोणाचे?

लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या नेमक्या भाषेत ‘भाडेकरू’ नसतो, ‘लायसन्सी’ असतो, आणि हा फरक इथे पैशात मोजला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात उलट काही लिहिलेलं नसेल तर घर राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणं हे मालकाचं काम. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पागडीच्या चाळीतल्या माणसाला हे कलम कामाला येतं. दाराच्या चौकटी वाळवीने पोखरल्या तर तो तिथे बोट दाखवू शकतो. ढेकूण मारणं ही ‘दुरुस्ती’ आहे का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील, आणि त्यात तुमचा ढेकणापेक्षा जास्त खर्च होईल.

तुमच्यासाठी खरा कायदा म्हणजे तुमचा करारनामा. काढून वाचा. ‘किरकोळ दुरुस्ती लायसन्सी करेल’ असं बहुतेक छापील करारात असतं, आणि पेस्ट कंट्रोलचं नावही नसतं. ज्यात नाव नसतं तिथे दोघेही आपापल्या सोयीने अर्थ लावतात. करार नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलाच नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यास त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार तुमचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ही ताकद किती वापरायची ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर अकरा महिने त्यांच्याच घरात काढायचेत, आधी पुरावा दाखवून बघा.

पुरावा पलंगातच असतो. ढेकणाला अंड्यातून पूर्ण वाढ व्हायला आपल्या हवेत साधारण पाच-सहा आठवडे लागतात. वाटेत तो पाच वेळा कात टाकतो. तुम्हाला येऊन तीन आठवडे झालेत. आज दुपारी उजेडात पलंग भिंतीपासून ओढा. प्लायवूडचा बॉक्स-पलंग असेल तर वरची फळी उचला. जुनं एटीएम कार्ड घ्या आणि जिथे दोन फळ्या भेटतात त्या फटीतून फिरवा. स्क्रूची भोकं, हेडबोर्डची मागची बाजू, गादीच्या शिवणीची दुमड, पडद्याचा रॉड भिंतीला लागतो ती जागा, पलंगामागचा स्विचबोर्ड, एवढं बघा. बॉलपेनची शाई सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतील, ती त्यांची विष्ठा. ओल्या कापसाने पुसल्यावर लालसर-तपकिरी पसरले तर खात्री. तिथेच फिकट पारदर्शक कातींचा चुरा असेल. आता बघायचं ते हे: सगळ्या मापांच्या कातींचा थरच्या थर मालकाच्या पलंगाच्या आतल्या सांध्यात आहे, आणि काळे डाग लाकडात मुरून जुने झालेत, तर ही वस्ती तुमच्या तीन आठवड्यांची नाही. उलट पलंग स्वच्छ आहे आणि तुम्ही आणलेल्या गादीच्या शिवणीतच सगळा संसार थाटलाय, तर मालकांचं म्हणणं खरं असू शकतं. तेही मान्य करायची तयारी ठेवा. मे महिन्यात गावाहून, लांबच्या गाडीतून, जुन्या फर्निचरच्या बाजारातून ढेकूण येतात. त्यात कोणाची घाण नसते आणि लाज वाटायचं कारण नसतं. लाजेपोटी लोक महिनाभर बोलत नाहीत, तेवढ्यात ते शेजारी पोचतात.

फोटो काढा, शेजारी नाणं ठेवून काढा म्हणजे माप कळतं, आणि तारखेसह मालकांना पाठवा. मी गेलेल्या घरांत निम्म्याहून जास्त मालक फटीतला तो फोटो बघून पुढे भांडले नाहीत. कोर्टात हा काही ठोस पुरावा ठरेल असं म्हणत नाही, पण समजूत घालायला पुरतो. माझा सल्ला: फर्निचर त्यांचं, म्हणून पहिल्या कामाचा खर्च त्यांनी द्यावा, आणि पुढच्या करारात एक ओळ घालून घ्यावी. ‘ताबा देण्यापूर्वी मालक परवानाधारक संस्थेकडून सर्वसाधारण कीटक नियंत्रण व ढेकणांची तपासणी करून त्याची पावती देतील. ताबा दिल्यापासून तीस दिवसांत आढळलेल्या ढेकूण व वाळवीचा खर्च मालकाचा, त्यानंतर झुरळे व मुंग्यांचा खर्च लायसन्सीचा.’ एवढ्या दोन वाक्यांनी डिपॉझिट कापण्याचं अर्धं भांडण मिटतं.

सेक्रेटरींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फ्लॅटच्या आतलं सभासदाचं, आणि सभासद म्हणजे मालक, तुम्ही नाही, म्हणून सोसायटीशी पत्रव्यवहार मालकांनीच करायचा. पण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे त्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, ड्रेनेज लाइन, सेप्टिक टँक, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, जिने ही सोसायटीची बाब. डक्टमधून आणि चेंबरमधून झुरळं वर येत असतील तर तुमच्या किचनमध्ये झुरळांचं कितीही जेल लावा, पहाटे पाणी प्यायला उठलात की ती सिंकवर दिसणारच. तिथे खर्च सोसायटीचा. ढेकणांच्या बाबतीतही वर-खाली आणि बाजूच्या फ्लॅटची तपासणी करून घेणं शहाणपणाचं असतं, कारण ते वायरिंगच्या पाइपातून सरळ चालत जातात. त्या लोकांना तयार करणं हे सेक्रेटरींचं काम, फवारणीवाल्याचं नाही. मी स्वतः काम करायच्या आदल्या दिवशी मजल्यावर सगळ्यांना सांगतो. कोणाला दमा असतो, कोणाकडे पक्षी असतात, कोणाची सून गरोदर असते. दारावर कागद चिकटवायला दोन मिनिटं लागतात.

मालकांना किंवा त्यांच्या माणसाला आत यायचं असेल तर आधी कळवून, वाजवी वेळी. तुम्ही गावी असताना दुसऱ्या चावीने दार उघडून फवारणी करून घेणं हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय, आणि परत आलेल्या माणसाने त्याच ओट्यावर पोळ्या लाटलेल्याही.

आता नीट काम म्हणजे काय ते. ढेकणांचं काम एका भेटीत होत नाही. अंडं एक मिलिमीटरचं, पांढरं, फटीत चिकटवलेलं असतं आणि फवारणीला ते बऱ्याचदा दाद देत नाही. सहा ते दहा दिवसांत त्यातून पिल्लू बाहेर येतं. म्हणून दुसरी भेट दहा ते चौदा दिवसांनी, पिल्लं निघालेली पण अंडी घालायच्या वयाची झालेली नाहीत अशा वेळी. ‘एकाच वेळेत गॅरंटी’ म्हणणारा एकतर खोटं बोलतोय किंवा काहीतरी बंदी असलेलं मारणार आहे. शिवाय नेहमीच्या फवारणीच्या औषधांना ढेकूण पुष्कळ ठिकाणी सरावलेत. त्यामुळे चांगला माणूस पंपाआधी उष्णता वापरतो. वाफेचं मशीन फटीतून हळूहळू फिरवायचं. पन्नास अंशांच्या पुढे ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आमची आजी लोखंडी खाट अंगणात काढून सांध्यांवर उकळतं पाणी ओतायची. तिने थर्मामीटर कधी पाहिला नव्हता, पण तिचा उपाय आजही चुकीचा नाही. चादरी, अभ्रे, बाळाचे कपडे गरम पाण्यात धुवून, चांगले वाळवून, बंद पिशवीत ठेवा.

फवारणीच्या दिवशी भांडी, पाणी, धान्य झाका. माशांची टाकी असेल तर ती ओल्या कापडाने बंद करून तिचा हवेचा पंप थांबवा, कारण पायरेथ्रॉइड गटाची औषधं माशांना फार लवकर मारतात. बाळाची खेळणी आधीच दुसरीकडे हलवा. गादीच्या वरच्या पृष्ठभागावर, म्हणजे जिथे बाळ तोंड टेकतं तिथे, कोणी पंप मारायला लागलं तर हात धरा. शिवणी आणि पलंगाचे सांधे एवढ्यापुरतंच काम असतं. औषध पूर्ण वाळेपर्यंत चार तास तरी बाहेर राहा, आल्यावर खिडक्या-पंखे तासभर. फरशी पुसा, पण पलंगाखालच्या कडा आणि भिंतीची खालची पट्टी पंधरा दिवस पुसू नका, नाहीतर दिलेले पैसे बादलीत गेले. रिकामी बाटली तुमच्या घरात सोडू देऊ नका. नियमाप्रमाणे ती फोडून निकामी करून, पुन्हा वापरता येणार नाही अशी विल्हेवाट लावायची असते. आपल्याकडे तिच्यात फिनेल भरलं जातं.

बाकी किडींचं थोडक्यात. झुरळांसाठी आता फवारणी मागू नका, जेल मागा. बिजागरीत, ड्रॉवरच्या मागे मुगाच्या दाण्याएवढे ठिपके, घर सोडावं लागत नाही. मादी अंड्यांची पिशवी घेऊन फिरते, तिच्यात तीसेक पिल्लं असतात, त्यामुळे महिन्याभराने एक भेट अजून लागते. उंदरांचं विष उघडं ठेवू देऊ नका, कुलूपबंद डब्यातच. रक्त पातळ करणाऱ्या विषाचा परिणाम दिवसांनी दिसतो, म्हणून मुलाने चाटलं असेल तर ‘बरं आहे की’ म्हणून थांबायचं नाही. त्यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण वेळेत.

वाळवी हा मात्र निखळ मालकाचा खर्च, आणि तळमजल्यावर असेल तर पुष्कळदा सोसायटीचा. बांधून झालेल्या इमारतीसाठी भारतीय मानक ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्याप्रमाणे भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे साधारण तीस सेंटिमीटरवर भोकं पाडून औषध आत जिरवायचं असतं. नुसतं चौकटीवर पंप मारून पाच वर्षांची वॉरंटी देणारा तुमची पाच वर्षं वाया घालवतो. भोकं पाडायची तर टाइल्स फुटू शकतात, म्हणून भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय हे काम करून घेऊ नये.

डासांच्या बाबतीत महापालिका थेट तुमच्या दारात येऊ शकते. मुंबईत कीटकनाशक विभागाचे कर्मचारी फुलदाण्या, मनीप्लांटची बाटली, गच्चीवरची टाकी बघतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस निघते. घरातल्या भांड्यात अळ्या सापडल्या तर ‘मी भाडेकरू आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही, टाकीचं झाकण मात्र सोसायटीचं.

काम झाल्यावर पावती घ्या. ‘पेस्ट कंट्रोल १५०० रु.’ एवढंच नको. औषधाचं तांत्रिक नाव, किती मारलं, कुठे मारलं, परवाना क्रमांक, दुसऱ्या भेटीची तारीख, आणि मारणाऱ्याचं नाव व सही. दवाखान्यात डॉक्टर पहिला प्रश्न ‘काय मारलं होतं’ हाच विचारतात. सेंद्रिय फॉस्फरस गटाचं असेल तर ॲट्रोपिन हा उतारा, दुसरं असेल तर दुसरा. तो कागद नसेल तर ते अंदाजाने चालतात. मळमळ, डोळ्यांची चुरचुर, लाळ, छातीत दडपण यातलं काही झालं तर आधी मोकळ्या हवेत, मग दवाखान्यात, हातात कागद. विष पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७, डॉक्टरांनाही तिथून सल्ला मिळतो.

काम फसलं आणि माणूस फोन उचलेना, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांत करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन. परवाना नसलेल्याची किंवा बंदी असलेलं औषध मारणाऱ्याची तक्रार जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात द्या, तिथल्या कीटकनाशक निरीक्षकाला नमुना घ्यायचा अधिकार असतो. त्यासाठीही बाटलीचा फोटो लागतो.

तेव्हा आज दुपारी पलंग ओढा, फोटो काढा, मालकांना पाठवा. नवा माणूस बघा आणि त्याला फोनवर तीनच गोष्टी विचारा: परवान्याचा फोटो, औषधाचं नाव, दुसऱ्या भेटीची तारीख. तोपर्यंत पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, चारी पायांखाली गुळगुळीत वाट्या ठेवा. आत बोरिक पावडर नको, घरात लहान मूल आहे, नुसतं साबणाचं पाणी ठेवा. सकाळी त्या वाट्यांत किती पडलेत ते मोजा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या भेटीनंतर तो आकडा शून्यावर आला की काम झालं.